तेरेखोलच्या दोन काठांवरचं एक घर

प्रति,
श्री. अंतोनियो कोस्ता,
अध्यक्ष, युरोपीय परिषद, ब्रसेल्स

माननीय अध्यक्ष महोदय,

माझ्या सासूबाईंचं माहेर आरोंद्याचं आणि सासर पेडण्याचं. मधे तेरेखोल नदी. १९५४ साली त्या जन्मल्या तेव्हा आरोंद्याच्या काठावर स्वतंत्र भारत होता आणि पेडण्याच्या काठावर पोर्तुगालचं राज्य. सोयरिकी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून नदी ओलांडून होत आल्या होत्या. माझे सासरे १९४९चे. त्यांचा जन्म पोर्तुगीज दप्तरात नोंदला गेला. त्या एका नोंदीच्या आधारे, बऱ्याच खेपा घालून, माझ्या नवऱ्याने लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात आपली कागदपत्रं लावली आणि तो पोर्तुगालचा, म्हणजेच युरोपीय संघाचा नागरिक झाला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून त्याने भारतीय पासपोर्ट परत केला. मी आणि सासूबाई दोघीही नदीच्या आरोंद्याकडच्या, पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानाच्या मुलखातल्या. आम्ही भारतीयच राहिलो.

हे आपल्यालाच का लिहिते, तर आपण हे समजून घ्याल म्हणून. आपले वडील, लेखक ओर्लांदो द कोस्ता, मडगावात वाढले. तिथलं आपलं घर आजही उभं आहे आणि गोव्यात आपल्याला ‘बाबुश’ म्हणून ओळखतात. २०१७च्या जानेवारीत बंगळुरूला भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते आपण भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड स्वीकारलंत, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. तसंच कार्ड माझ्या नवऱ्याच्या पाकिटात आहे. घर एका देशात आणि कागद दुसऱ्या देशाचा, हे आपल्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आम्ही सध्या पोर्तुगालबाहेर, संघाच्या दुसऱ्या एका सदस्य देशात राहतो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या देशांत राहणाऱ्या ओळखीच्यांकडूनही असंच ऐकते. मला इथे राहण्याचं पाच वर्षांचं कार्ड मिळालं आहे. प्रश्न सासूबाईंचा आहे. सासरे गेले आणि पेडण्याच्या घरात त्या एकट्या उरल्या.

कायदा काय सांगतो ते मी आता पाठच केलं आहे. युरोपीय संघाचा २९ एप्रिल २००४चा निर्देश, क्रमांक २००४/३८. युरोपीय नागरिक आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात कामासाठी गेला, तर पत्नी किंवा पती, एकवीस वर्षांखालची किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं, आणि अवलंबून असलेले आईवडील त्याच्यासोबत राहू शकतात, त्यांचं राष्ट्रीयत्व कोणतंही असो. त्यांचा व्हिसा विनाशुल्क द्यायचा, लवकरात लवकर द्यायचा, आणि तो मिळवण्यासाठी सरकारने त्यांना सर्व प्रकारचं साहाय्य करायचं. नकार द्यायचाच असेल तर कारण नेमकं आणि पूर्ण लिहून द्यायचं. वाचताना मला वाटलं होतं, ज्यांनी हे लिहिलं त्यांना घर म्हणजे काय ते ठाऊक असणार.

मग व्हिसाच्या खिडकीशी जायची वेळ आली. सासूबाई रात्रीच्या रेल्वेने मुंबईला गेल्या, भाचा सोबत. आत पर्यटकांच्याच रांगेत उभं केलं. परतीचं तिकीट कुठे आहे? हॉटेलचं बुकिंग? बँकेतली शिल्लक? भाच्याने निर्देशाची छापील प्रत पुढे केली, तर ती न वाचताच परत आली. शुल्क घेतलं. काही आठवड्यांनी नकार आला, तो छापील नमुन्यावर एका चौकटीत केलेल्या खुणेच्या रूपात. मुदतीनंतर परत जाण्याचा हेतू सिद्ध होत नाही, एवढंच. परत जाण्याचा हेतू नव्हताच, महोदय. मुलाजवळ राहायचं, हाच हेतू होता आणि अर्जावर तोच लिहिला होता.

दुसऱ्यांदा चौकशी केली तेव्हा अवलंबित्वाचा पुरावा मागितला. मागणी कायद्याला धरून आहे, आई मायदेशात मुलाच्या पैशावर जगते हे दाखवावं लागतंच. पण आमच्या गावात पैसा कसा फिरतो ते या फायलींना माहीत नाही. सासूबाई बँकेत जात नाहीत. नवरा पैसे चुलतभावाच्या खात्यावर पाठवतो, तो ते काढून हातात देतो. सुट्टीवर येणाऱ्या शेजाऱ्याकडे पाकीट जातं. वाण्याचं महिन्याचं बिल नवरा गावी आला की एकदम भागवतो. औषधांचं तसंच. अठरा वर्षं हे अखंड चालू आहे आणि बँकेच्या उताऱ्यावर त्यातलं काहीच दिसत नाही. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये एका फिलिपिनो तरुणीच्या प्रकरणात म्हटलं होतं की दीर्घकाळ नियमित मिळणारी रक्कम हाच अवलंबित्वाचा पुरावा ठरू शकतो, त्या व्यक्तीने आधी काम शोधून पाहिलं का, हे विचारण्याचं कारण नाही. हा निकाल खिडकीपर्यंत पोचलेला नाही. सासूबाई मला फोनवर म्हणाल्या, “माझो झील माका पोसता, तेका कागद कसलो व्हयो?” झील म्हणजे मुलगा. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खोटी लग्नं होतात, खोटे कागद येतात, ही सरकारांची काळजी मी नाकारत नाही. निर्देशाच्या पस्तिसाव्या कलमात त्यावर उपाय लिहून ठेवलेला आहे. संशयाला जागा असेल तिथे चौकशी जरूर करावी. पण सत्तरी ओलांडलेल्या विधवा आईकडे पहिल्याच प्रश्नापासून संशयाने पाहायचं, हे त्या कलमात नाही.

आणखी एक गोष्ट मला आमच्या अडचणीपेक्षाही मोठी वाटते. हा निर्देश फक्त सीमा ओलांडणाऱ्याला लागू होतो. जो युरोपीय नागरिक आपल्याच देशात राहिला, त्याच्या घरच्यांना त्याच्या देशाचा कायदा लागू, आणि तो बहुतेकदा कडक. जर्मनीत राहणाऱ्या पोर्तुगीज माणसाच्या भारतीय पत्नीला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, जर्मन माणसाच्या पत्नीला मात्र येण्याआधी सहसा ती द्यावी लागते. डेन्मार्कने २००२ मध्ये परदेशी जोडीदारासाठी दोघांचंही वय चोवीस पूर्ण हवं असा नियम केला. मग कित्येक डॅनिश तरुणांनी जोडीदारासह पलीकडच्या काठावर, स्वीडनच्या माल्मोमध्ये बिऱ्हाड थाटलं आणि ओरेसुंडचा पूल ओलांडून ते रोज कोपनहेगनला कामावर जाऊ लागले. आपल्याच देशात संसार करता यावा म्हणून शेजारच्या देशात राहायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तेरेखोलच आठवली. कोणत्या काठावर उभे आहात त्यावरून तुमचं माणूस तुमचं ठरतं.

दुसऱ्या देशात राहून जोडीदारासह मायदेशी परतण्याची वाट एका भारतीयाच्या खटल्याने खुली झाली. त्याची पत्नी ब्रिटिश. दोघं १९८३ ते १९८५ जर्मनीत काम करून इंग्लंडला परतले आणि तिथे त्याच्या राहण्यावर आक्षेप आला. १९९२ मध्ये न्यायालयाने ‘सिंग’ खटल्यात सांगितलं, की हक्क बजावून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला तिथेही किमान तेवढंच संरक्षण मिळालं पाहिजे. जे गेलेच नाहीत, त्यांना या निकालाचा उपयोग नाही. आजारी आईला सोडून परदेशी जाऊ न शकणारा डॅनिश मुलगा, शेती सांभाळणारी जर्मन मुलगी, यांनी काय करायचं?

याचं उत्तर, महोदय, आपल्या स्वतःच्या देशाने कधीच दिलं आहे. पोर्तुगालने हा निर्देश स्वीकारताना ९ ऑगस्ट २००६ रोजी कायदा क्रमांक ३७/२००६ केला आणि त्यात एक ओळ जास्तीची घातली. कायद्यातल्या अधिक अनुकूल तरतुदी पोर्तुगीज नागरिकांच्या कुटुंबीयांनाही लागू होतील, त्यांचं राष्ट्रीयत्व कोणतंही असो. तेव्हा पोर्तुगालचे गृहमंत्री आपण होता. या ओळीने पोर्तुगालवर कुठलं संकट कोसळल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कायद्याचा मसुदा युरोपीय आयोग मांडतो, आपलं पद नाही, हे मी जाणते. पण सत्तावीस देशांचे प्रमुख ज्या टेबलाशी बसतात त्याच्या शीर्षस्थानी आपण असता. तिथे ही २००६ची ओळ आपण वाचून दाखवावी, अशी माझी विनंती आहे. इतर देशांना विचारावं, की पोर्तुगालला जे जमलं ते तुम्हाला का जमू नये. आणि आयोगाला सांगावं, की मुंबई, मनिला, लागोस इथल्या प्रत्येक खिडकीशी कुटुंबीयांच्या अर्जाची वेगळी रांग असावी, आणि तिथे बसणाऱ्या माणसाने निर्देशाचं पाचवं कलम एकदा तरी वाचलेलं असावं. या अर्जांना जलद प्रक्रिया आणि साहाय्य द्यावं, हे कायदा त्यांना आधीच सांगतो. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

पुढच्या महिन्यात सासूबाईंची पुन्हा तारीख आहे. या वेळी कागदांच्या पिशवीत पेडण्याच्या वाण्याची जुनी वही जाणार आहे. त्याने ती स्वतःहून काढून दिली. वही मराठीत आहे, म्हणून तिच्या पानांचे फोटो मागवले आणि भाषांतराला मीच बसले आहे. पहिल्या पानावर उकडे तांदूळ, खोबरेल, दोन साबण, आणि खाली निळ्या शाईत, “झिलाकडून जमा.”

आपली,
पेडण्याची एक सून