लोणच्याचे गहिवर पुरेत

ज्येष्ठ लागला की आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून आणि मंडळाच्या बैठकींतून एक उसासा ठरल्या वेळी ऐकू येतो : आजीच्या हातचे लोणचे गेले, घरचे लोणी गेले, आजकालच्या सुनांना बरणीला दादरासुद्धा बांधता येत नाही. उसासा सोडणारे बहुधा आम्ही पुरुषच असतो. या उसाशाशी आमचे उघड भांडण आहे.

ज्याला 'हाताची चव' म्हणून आपण देव्हाऱ्यात बसवले, ते ज्ञान होते आणि त्याला कारणे होती. चार वाट्या फोडींना साधारण वाटीभर मीठ लागते ते केवळ चवीसाठी नव्हे. मीठ कैरीतले पाणी ओढून काढते आणि त्या खारात नासवणाऱ्या जंतूंचे फारसे चालत नाही. फोडणी पूर्ण निवल्यावरच ओतायची, नाहीतर फोडी मऊ पडतात. आणि तेल फोडींच्या वर उभे राहिले पाहिजे, कारण हवेला लागलेल्या फोडीवरच बुरशी धरते. लोण्याचेही तसेच. साय विरजली म्हणून त्याला तो ओळखीचा सुवास येतो. थंडीत लोणी येईना तर घुसळताना किंचित कोमट पाणी घालायचे, वैशाखात बर्फाचे. स्निग्धांश फार घट्ट असला तर कण एकमेकांना चिकटत नाहीत, फार पातळ झाला तर गोळा धरत नाही. यात गूढ काय आहे? हे कोणालाही शिकता येते. पुरुषालाही.

मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून १८७५ सालच्या 'सूपशास्त्रा'चे नाव घेतात. त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते. त्या काळी पुरुषाला पाकक्रिया लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. आम्हाला मात्र कैरीच्या फोडी पंचाने कोरड्या करणे जड जाते!

आणि ज्या आजीच्या नावाने गळा काढायचा, तिला कोणी विचारले होते काय? वर्षाच्या बेगमीच्या कैऱ्या अडकित्त्याने फोडताना हाताला घट्टे पडत, तिखटाने बोटांची रात्रभर आग होई. आम्ही पानात वाढलेल्या फोडीची तारीफ केली आणि हात धुतले. आज कचेरीतून सातला परतणारी सून बाजारची बाटली आणते, त्यात तिचा अपराध तो कोणता? त्या बाटलीतला व्हिनेगरचा आंबटपणा आम्हालाही रुचत नाही. पण न रुचणाऱ्याने अडकित्ता उचलावा.

म्हणून कार्यकारिणीकडे आमची मागणी अशी : येत्या ज्येष्ठात, पाऊस लागण्यापूर्वीच्या एका रविवारी, लोणच्यावरील स्मरणरंजनाचे व्याख्यान रद्द करून सभागृहाच्या मागच्या पडवीत दहा किलो कैऱ्या मांडाव्यात. मीठ, मोहरीची डाळ, हिंग, तेल मंडळाचे. हात सभासद पुरुषांचे. ज्यांच्या घरी बडीशेप-कलौंजी घालायची माळवी रीत आहे, त्यांनी वेगळी बरणी भरावी, वाद नको. पंचे मात्र प्रत्येकाने घरून आणावेत, आणि ते स्वतः धुऊन.