नमुने उरले, विणकर कुठे गेला?

मुसलमानांनी या देशाला काय दिले, असे कुणी विचारले की आपली उत्तरे तयार असतात. ताजमहाल, गजल, बिर्याणी. सभेत टाळ्या पडतात, माणसे घरी जातात. किनखाब कुणी विणला, गालिच्याच्या गाठी कुणाच्या बोटांनी मारल्या, बिदरीच्या सुरईवर चांदीची तार कुणी ठोकून बसवली, हे विचारायची वेळच येत नाही. आली तर आपली पंचाईत होईल. कारण ती माणसे ज्या मोहल्ल्यात राहतात, तिथे आपण सोयरीक करत नाही.

देवरूखच्या निमित्ताने हा विषय काढावा लागतो आहे. संगमेश्वर तालुक्याच्या या गावात लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे आणि देवरूख कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाईन आहे. मुंबई-पुण्याबाहेर, कोकणातल्या तालुक्याच्या ठिकाणी असे काही असणे ही साधी गोष्ट नाही. ज्यांनी ते उभे केले त्यांच्याशी आमचे भांडण नाही. ते आपल्याच लोकांशी आहे. कलाशाळा आली की तिच्यामागे संग्रह येतोच. उद्या कोकणातल्या घराघरांतले जुने कापड, कशिदा, कोरीव लाकूडकाम अशा संग्रहांत जाईल. त्यात मुसलमानाच्या घरातले काय असेल? आपण नेऊन दिले नाही तर काहीच नसेल. आणि मग वीस वर्षांनी आपणच व्याख्यान झोडू की आम्हाला इतिहासातून वगळले.

हे वगळणे कसे घडते ते एकदा नीट पाहू. जॉन फोर्ब्स वॉटसन या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने 1866 साली हिंदुस्थानातल्या कापडाचे 700 नमुने 18 खंडांत चिकटवून घेतले. पागोटी, लुंग्या, साड्या, मलमल, किनखाब, सगळे कात्रीने कापून. अशा 18 खंडांचे 20 संच तयार झाले. त्यांतले 13 विलायतेत राहिले, मँचेस्टर, प्रेस्टन, ब्रॅडफर्ड अशा गिरण्यांच्या गावी गेले. 7 इकडे आले. हेतू लपवलेला नव्हता. इथल्या माणसाला काय नेसायला आवडते ते तिथल्या गिरणीवाल्याला कळावे आणि त्याने तसेच काढून इथे विकावे. नमुन्याशेजारी लांबी, रुंदी, वजन, गाव, किंमत लिहिलेली आहे. विणणाऱ्याचे नाव लिहिण्याची कुणाला गरज वाटली नाही. ते खंड आजही संग्रहालयांत जपलेले आहेत, आणि त्यांतले रंग पाहून आजचे डिझायनर थक्क होतात. ज्याच्या मागावरून ते कापड उतरले त्याची पुढची पिढी मात्र गिरणीच्या मालाने बसवली.

कलाशाळांचा इतिहास यापासून फार लांबचा नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत 1857 साली स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. लॉकवुड किपलिंग 1865 पासून दहा वर्षे तिथे होते. त्यांनी 1870 च्या सुमारास कारागिरांना कामावर बसलेले असताना रेखाटले. ती चित्रे आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. 1891 मध्ये हस्तकला शिकवण्यासाठी शाळेला रे आर्ट वर्कशॉप्स जोडली गेली. हेतू चांगलाच असेल. पण चित्रकार सही करतो आणि विणकर सही करत नाही, ही वाटणी त्याने मोडली नाही. चित्र वर, कारागिरी खाली. पुढे ज्या पाट्या लागल्या त्यांवर ‘मुघल शैली’, ‘इराणी बेलबुट्टी’ असे शब्द आले, जणू ते कापड विणणारा माणूस काल तेहरानहून उतरला होता. ज्या मराठीत रेशीम, मखमल, जर, गालिचा, कशिदा, शाल, चादर, रुमाल हे शब्द परके वाटत नाहीत, त्या मराठीत ते विणणाराच परका कसा ठरतो, हा प्रश्न आम्हाला विचारावासा वाटतो.

आता आपल्याकडच्या धर्मभिरूंकडे वळू. नक्षी, रंग, सजावट म्हणजे दुनियादारी, मुलाला कलाशाळेत कशाला घालायचे, असे सांगणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी मशरू हातात घेऊन पाहावे. ‘मशरू’ म्हणजे शरीयतने मुभा दिलेले. पुरुषाला शुद्ध रेशीम मना, म्हणून विणकराने तोड काढली: वरच्या अंगाला रेशीम, अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. बाहेरून पाहणाऱ्याला रेशमाची झळाळी दिसते आणि नेसणाऱ्याच्या कातडीला रेशीम शिवत नाही. फतव्यांच्या किती चोपड्यांत जे सुटले नसते ते मागावर सुटले. त्याचाच भाऊ हिमरू, सुती ताण्यावर रेशमी बाणा. किनखाबाची हौस आणि खिशाची मर्यादा यांचा मेळ त्यात आहे. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा हे कसब त्या लोकांबरोबर दख्खनेत आले, असे परंपरा सांगते. औरंगाबाद, जे 2023 पासून छत्रपती संभाजीनगर आहे, तिथे हिमरूचे हातमाग किती उरले ते बोटांवर मोजावे लागतात. सजावट आणि दीन यांचे वैर आहे असे म्हणणाऱ्याने आधी या विणकराला उत्तर द्यावे.

आणि त्या विणकराला आपण काय म्हणतो? ‘जुलाहा’. शिवी म्हणून. 1857 नंतर उत्तरेतून उखडून मालेगाव-भिवंडीकडे आलेले मोमीन-अन्सारी यांच्या घामावर महाराष्ट्राचे कापड उभे राहिले, आणि आपल्यातले खानदानी लोक मात्र समरकंद-बुखाऱ्याशी नाते सांगत बसले. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली सोलापुरात भरले, चादरींच्या गावी. मराठीवरचा आपला हक्क आपण तिथून मोठ्या आवाजात मांडला, ते योग्यच झाले. मागावरचा हक्क तेवढ्या आवाजात मांडायला आपल्याला लाज का वाटते?

कोकणात विणकाम फारसे नव्हते, मग आमच्याकडे काय मिळणार, असे रत्नागिरीकडची मंडळी विचारतील. ट्रंक उघडा. कुराणशरीफाचे हाताने शिवलेले जुजदान, कोपऱ्यात वेल काढलेला जानमाज, दस्तरखान, जुन्या लुगड्यांची वाकळ, लाकडी रेहल. आपल्या आज्या लुगडी-साड्या नेसत होत्या. पुढे आखातातून पैसा आला, त्याच्याबरोबर अबाया आला. कुणी काय घालावे हे सांगणारे आम्ही कोण? पण अबाया आला म्हणून आजीचे लुगडे फरशी पुसायला का गेले? सावंतवाडीकडे पाहा. गंजिफा हा फारसी नावाचा, मुघलांच्या दरबारात खेळला जाणारा खेळ. तिथल्या चिताऱ्यांनी त्यावर दशावतार रंगवले आणि हा हुन्नर बुडायला आला तेव्हा तिथल्या राजघराण्याने त्याला हात दिला. त्यांनी तो आपला मानला. आपण आपल्याच वाकळेला आपले म्हणायला तयार नाही.

गहाळ होण्याला कोकणातली हवाही पुरेशी आहे. बुरशी, कसर, गंज. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कापड आतल्या आत घामेजते. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळावे, घडी दर वर्षी वेगळ्या ठिकाणी मोडावी, जर असेल तर डांबरगोळी तिला टेकू देऊ नये. देवरूखच्या कॉलेजात आपली मुले जावीत, कपडा आणि लाकूड यांचे शास्त्र शिकावीत, हेही आम्हाला हवे आहे. पण त्याला वेळ लागेल आणि कसर थांबत नाही.

पाऊस सरला की ट्रंका उन्हात निघतात. त्या दिवशी घरातल्या शिकलेल्या मुलीने वही घेऊन आजीजवळ बसावे. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी: कुणी शिवले, तिचे माहेर कुठले, कापड कुठल्या बाजारातून आले, कुठल्या लग्नात वापरले, त्या टाक्याला घरात काय म्हणतात. मराठीत, घरच्या बोलीत. शिवणारी दालदी असेल तर दालदी लिहावे, मोमीन असेल तर मोमीन. मग ती वस्तू आणि ती चिठ्ठी एकत्रच कलाशाळेच्या दारात न्यावी, आणि चिठ्ठीशिवाय वस्तू देऊ नये.