आजीचा बॅकअप

ऑनसाईटला डब्लिनमध्ये होतो तेव्हा एका लाँग वीकेंडला डनक्विनला गेलो होतो. आयर्लंडच्या पश्चिम टोकाचं, केरी काउंटीतलं इवलंसं गाव. धक्क्याकडे उतरणारी नागमोडी वाट आणि समोर ग्रेट ब्लास्केट बेट. तिथली तरुण मंडळी हळूहळू निघून गेली, वादळात डॉक्टरही पोचेना. शेवटी १९५३ मध्ये सरकारने उरलेल्यांना हलवलं.

याच बेटावर नांदलेली पेग सेयर्स मूळची डनक्विनची, जन्म १८७३चा. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं, पण गोष्टी शेकड्यांनी तोंडपाठ! तिने सांगितलं, मुलाने उतरवून घेतलं आणि १९३६ मध्ये आत्मचरित्र आलं. पुढे ते शाळेत लावलं आणि पोरांनी नाकं मुरडली. (साहजिक आहे. परीक्षेला आलेली गोष्ट कुणाला आवडते?)

मला खरं कौतुक आहे ते १९३७ ते १९३९ मधल्या एका गृहपाठाचं. सुमारे ५ हजार शाळांतल्या मुलांना सांगितलं, घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, भुतंखेतं, घरगुती औषधं वहीत लिहून आणा. ७ लाखांवर पानं जमली! आज ती ऑनलाईन वाचता येतात.

माझं मत विचाराल तर लोककथा जपायला म्युझियम नंतर, आधी विचारणारं कोणीतरी लागतं. आम्ही ऑफिसात रोज रात्री सर्व्हरचा बॅकअप घेतो. आजीचा मात्र राहिलाच. तिच्या विहिरीतल्या आसरांची गोष्ट मला अर्धीच आठवते... शेवट विचारायला आता ती नाही.

तुमची आजी असेल तर आजच फोन करा.