जगमोहन दालमिया

घरांतील मुलें दूरचित्रवाणीपुढें क्रिकेटचा सामना पाहत बसतात. त्या दृश्यामागें ज्या कारभाऱ्याचा मोठा हात होता, त्याचें नांव त्यांस बहुधा ठाऊक नसतें. जगमोहन दालमिया हे कलकत्त्याच्या मारवाडी व्यापारी कुळांत १९४० सालीं जन्मले. तारुण्यांत ते यष्टिरक्षण करीत. कीर्ति मात्र कारभारांत मिळविली. १९९३ सालीं त्यांच्या बंगाल क्रिकेट संघटनेनें प्रक्षेपणाचे हक्क परकीय कंपनीस दिले, आणि सरकारशीं वाद जुंपला. आकाशलहरी सार्वजनिक संपत्ति असून तिजवर सरकारचा मक्ता नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. शब्द हा आकाशाचा गुण, एवढेंच आम्ही तर्कशास्त्रांत शिकलों. त्या आकाशाचें मोल होईल, हें कोणा नैयायिकाच्या स्वप्नींही आलें नसेल!

भारतीय नियामक मंडळ धनाढ्य झालें, आणि धनाबरोबर भाऊबंदकीही आली. २००५ सालीं मंडळाच्या निवडणुकींत शरद पवारांनीं दालमियांच्या गटास हरविलें. पुढच्याच वर्षीं, १९९६ च्या विश्वचषकाच्या निधीचा अपहार केल्याचा आरोप ठेवून मंडळानें त्यांस बहिष्कृत केलें. आरोप नाकारून ते न्यायालयांत गेले. हिशेब मागणें योग्यच. परंतु तो पराभवानंतरच मागितला गेला, हें विसरतां येत नाहीं. २०१५ सालीं त्याच मंडळानें त्यांस पुन्हां अध्यक्ष केलें. त्याच वर्षीं २० सप्टेंबर रोजीं, पदावर असतांच, ते निवर्तले.