समाजसेवक हवा, पण कशासाठी?

रमजान आला की मोहल्ल्यात रेशन किट वाटले जातात, फोटो निघतात, बॅनर लागतात. गरजूंच्या घरी चूल पेटते, हे चांगलंच. पण ईदनंतर काय?

आम्ही शिक्षक वर्गात वेगळंच पाहतो. मुलीच्या आधार कार्डावर ‘शेख’ आधी, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नंतर. कुणाच्या लक्षात येत नाही. दहावीनंतर प्रवेश, शिष्यवृत्ती तिथेच अडते आणि शाळा सोडल्यावर दुरुस्तीही अवघड. अब्बा म्हणतात, “जाऊ द्या सर, आता घरीच बसू दे.”

सच्चर समितीने २००६ मध्येच आपलं शैक्षणिक मागासलेपण आकड्यांत मांडलं. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशाला जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा. मदत आटतेय, कागदाचं वजन वाढतंय.

आपला समाजसेवक मात्र अजून साहेबांशी ओळख सांगून काम करून देतो. काम होतं, पण पुढच्या वेळी माणूस पुन्हा त्याच्याच दारात. हात धरणं ही खिदमत आहेच; स्वतः चालायला शिकवणं ही त्याहून मोठी.

जुमाच्या नमाजनंतर तासभर बसा. मोहल्ल्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींची यादी करा, कागद जुळवून पाहा, आई-वडिलांना फॉर्म स्वतः भरायला शिकवा. याचा बॅनर लागणार नाही. पण एखादी मुलगी अकरावीच्या वर्गात बसलेली दिसेल.