टॉवर कुठे? आधी सांगा, कोणासाठी?

टॉवरची जागा ठरवायला आपल्याकडे फाईल वर्षानुवर्षं फिरते, असं आपण चहाच्या टपरीवर तावातावाने म्हणतो. मंडळी, साहेबाच्या राज्यातही काही वेगळं नव्हतं!

साम्राज्य बिनतारी केंद्रांच्या साखळीने जोडायचं, असं १९११ च्या इंपीरियल कॉन्फरन्समध्ये ठरलं. पुढच्याच वर्षी, लंडनचे काही मंत्री मार्कोनीच्या अमेरिकन कंपनीचे शेअर्स घेऊन बसलेत म्हणून गदारोळ झाला. मग महायुद्ध आलं आणि करार बारगळला. १९२० मध्ये नॉर्मन कमिटी म्हणाली, साधारण २००० मैलांच्या टप्प्यावर एकेक केंद्र ठेवा. १९२४ मध्ये शॉर्टवेव्ह बीमचा करार झाला आणि अख्खं डिझाईनच बदललं. मधले टप्पे गेले, इंग्लंड ते हिंदुस्थान थेट! शेवटी १९२७ मध्ये खडकीला ट्रान्समीटर आणि दौंडला रिसीव्हर सुरू झाला. दोन जागा का? तर आपल्याच ट्रान्समीटरच्या गोंगाटात सातासमुद्रापलीकडून येणारा क्षीण सिग्नल बुडू नये म्हणून.

म्हणजे १६ वर्षं! पण माझ्या मते उशीर हा खरा दोष नव्हेच. उशिरामुळे उलट स्वस्त आणि चांगलं तंत्रज्ञान मिळालं. दोष रिक्वायरमेंटमध्ये होता. संदेश लंडनला पोचला पाहिजे, एवढंच ठरलेलं. दौंडच्या शेजारच्या खेड्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न यादीतच नव्हता.

आता गोंदिया जिल्ह्यात या. देवरी, सालेकसा म्हणजे जंगल, डोंगर, विखुरलेली वस्ती. ग्राहक मोजून जागा ठरवली तर इथलं गणित कधीच जमणार नाही. म्हणून केंद्र सरकारचा २०२२ चा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. देशातल्या २४,६८० गावांना ४जी द्यायचं ठरलं, खर्च २६,३१६ कोटी. आधी गावांची यादी, मग टॉवर. प्रश्न सुलट्या क्रमाने विचारला गेला.

फक्त एक गोष्ट राहते. टॉवर उभा राहिला की काम 'पूर्ण' असं लिहू नये. वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकते, पावसाळ्यात लिंक तुटते का, रात्री दोन वाजता १०८ ला फोन लागतो का, हे तपासा आणि गाववार जाहीर करा. आपण प्रॉडक्शनमध्ये कोड टाकून तसेच घरी जातो का? नाही ना? मग गावाच्या टॉवरला तरी वेगळा नियम का?