टाळी वेगळी, मत वेगळं

परवा कसारा लोकलमध्ये एका सद्गृहस्थाने मला शिकवलं, 'खेळात जात आणू नका हो. खेळ खेळाच्या जागी, राजकारण राजकारणाच्या जागी.' एवढं बोलला आणि मोबाईलमध्ये स्कोअर बघायला लागला. माझा हात वरच्या कडीला अडकला होता, नाहीतर तिथंच टाळी दिली असती.

हे त्याला उत्तर आहे. पण खरं तर तुम्हाला आहे, दोस्तांनो. आणि मलापण.

मी शहाडचा. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो, पोट गोदीवर. पहाटेची गाडी पकडायची, मशीदला उतरायचं. ठेकेदाराच्या मुकादमाने नाव पुकारलं तर लोखंडाच्या भेंडोळ्यांना साखळ्या लावायच्या, नाही पुकारलं तर आल्या पावली परत. रोज दारात ताटकळणं संपावं म्हणून 1948 साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला होता. माझ्या वाट्याला पुन्हा तेच दार आलंय. हे रडगाणं नाही. मी कुठून बोलतोय ते कळावं म्हणून सांगितलं.

आयपीएलच्या रात्री आमच्या गल्लीत चिडीचूप. प्रत्येक ओट्यावर एक पोरगा, प्रत्येक पोराच्या तोंडावर निळा उजेड. कोण कितीला विकला गेला, कुणाची कुठल्या नटीशी सोयरीक, सगळं तोंडपाठ. आपल्या गल्लीचं पाणी कोण अडवतं विचारा, की माना खाली.

मी काय वेगळा? मोबाईल हप्त्यावर घेतला. 2024 च्या आयपीएलला एका ॲपवर टीम लावली आणि चार दिवसांची हजेरी घालवली. जाहिरातीत नामांकित खेळाडू हसत होता, खाली मुंगीएवढ्या अक्षरात धोक्याची सूचना. आईला सांगितलं, खिसा कापला. खिसा कापला होता हे खरंच. कापणारा माझ्याच खिशात बसला होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. माझी हजेरी काय परत आली नाही.

2022 साली आयपीएलच्या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. विकलं काय त्यांनी? बॅट? बॉल? नाही. आपले डोळे विकले. आपल्याला न विचारता, आणि मोबाईलचा हप्ता वर आपणच भरायचा!

आता खेळात जात कुणी आणली ते बघू. मुंबईत एकेकाळी क्रिकेटची मोठी स्पर्धा होती. संघ कुठले? युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. म्हंजे फलकावरच धर्म लिहिलेला, आणि आम्हाला सांगतात खेळात जात आणू नका! या हिंदू संघाचा हुकमी गोलंदाज कोण? बाळू पालवणकर. जातीने चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवणारा, गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा पोरगा. गोऱ्यांना हरवायचं तर हा लागणार, म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला घेतला. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या सुट्टीत मात्र त्याचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात. चेंडू बाटत नव्हता, कपबशी बाटत होती!

1911 साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूने 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचा कप्तान म्हणून त्याला कधी नेमलं नाही. हात पाहिजे, डोकं नको. गोदीत मला हेच सांगतात: साखळी लाव, तोंड उघडू नकोस.

मग 1920 साली बाळूला संघातून वगळलं, तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायलाच नकार दिला. तिथं गाडी हलली. 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कप्तान झाला आणि संघ जिंकला. अर्ज-विनंत्यांनी जे झालं नाही, ते हात आखडल्यावर झालं. संप म्हंजे दुसरं काय असतं?

आता लगेच बाळूचा फोटो फ्रेम करून भिंतीला टांगू नका. कारण गोष्ट पुढे आहे.

हाच बाळू 1932 च्या पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होता. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या समोर उभं करायला काँग्रेसने कोण शोधला? बाळू पालवणकर! नावाजलेला खेळाडू, आपल्यातलाच, ज्याला बघायला मैदानावर झुंबड उडायची. हिशेब सोपा होता: टाळ्या वाजवणारे हात मतपण देतील. चुकला हिशेब. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूला 11,225. निवडून आले स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब.

मताचा हक्क तेव्हा सगळ्यांना नव्हता. पण ज्यांना होता त्यातल्या पुष्कळांना एक गोष्ट कळत होती. बाळूने विकेट काढली तर टाळी द्यायची, मनापासून द्यायची, तो आपला अभिमान आहे. पण मत त्याला, जो आपल्या पगाराचं, पाण्याचं, माणूसपणाचं बोलतो. टाळी वेगळी, मत वेगळं. एवढी साधी अक्कल, आणि ती त्यांच्याकडे मोबाईल नसताना होती.

2004 साली याच मुंबईत, उत्तर मुंबईत, गोविंदाने राम नाईकांसारख्या मुरलेल्या केंद्रीय मंत्र्याला पाडलं. मला नाईकांचा पुळका नाही. पण त्या दिवशी पडद्यावरची टाळी मतपेटीत पडली, आणि सगळ्या पक्षांनी ते बघून ठेवलं. तेव्हापासून काम करणाराच नट व्हायला बघतोय.

आणि टाळीचा भाव कसा ठरतो ते बघा. सचिन तेंडुलकरने 16 नोव्हेंबर 2013 ला शेवटची कसोटी संपवली आणि त्याच दिवशी त्याला भारतरत्न जाहीर झालं. सचिनच्या बॅटबद्दल माझी तक्रार नाही; त्याच्या खेळ्या मी तासन् तास मोबाईलवर बघितल्यात. पण देशाची घटना घडवणाऱ्या माणसाला तेच भारतरत्न मिळालं 1990 साली. महापरिनिर्वाणानंतर 34 वर्षांनी. एकाला त्याच संध्याकाळी, एकाला 34 वर्षांनी. आता लोकलमधल्या सद्गृहस्थाने सांगावं, खेळ कुठल्या जागी आणि राजकारण कुठल्या?

पण शिव्या फक्त त्यांना घालून आपली सुटका नाही. आपल्या चौकातले बॅनर बघा. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे बाबासाहेब, मधे गॉगल लावलेला भाऊ, खाली तीस शुभेच्छुकांची मुंडकी. पुढारी आला की पोरं निवेदन विसरतात, सेल्फी काढतात. आपणच नेत्याचा हिरो केला आणि स्वतःला प्रेक्षक केलं. हिरोला प्रश्न विचारत नाहीत, शिट्टी मारतात. बाबासाहेबांनी शिकायला, संघटित व्हायला, संघर्ष करायला सांगितलं होतं. शिट्ट्या मारायला सांगितलं नव्हतं.

मोबाईल उल्हास नदीत फेकून द्या असं मी म्हणणार नाही. माझे अजून सात हप्ते बाकी आहेत. मॅच बघा, पोटभर बघा, विकेट पडली की नाचा. पण त्याच मोबाईलवर मुकादमाच्या वहीचा फोटो काढा, सुक्या नळाचा काढा, आणि पुढारी आला की सेल्फीऐवजी तो फोटो त्याच्या नाकासमोर धरा. उत्तर नाही मिळालं तर विठ्ठल-शिवरामने केलं ते करा. हात आखडा. टाळीचा पण, मताचा पण, कामाचा पण.

उद्या पहाटे मी त्याच लोकलमध्ये असेन. सद्गृहस्थ भेटलाच तर पहिला स्कोअर विचारीन. मग बाळूचा चहा कुठं ठेवायचे, ते सांगीन.